लॅपटॉप म्हातारा झालेला नाही, यूट्यूबने भाषा बदलली आहे

घाटमाथा
परवा दुसऱ्या एका धाग्यावर ‘चोखंदळ’ यांनी लिहिलं: “दहा वर्षांचा लॅपटॉप एचडी व्हिडिओला ९० टक्के प्रोसेसर खातो म्हणून गळे काढू नका, नवीन घ्या. मोबाईल दर दोन वर्षांनी बदलताना कुठे रडता?” तिथे चार ओळी लिहायला बसलो, त्या आवरेनात म्हणून हा वेगळा धागा.

लॅपटॉप बाबांचा, चिपळूणला. इंटेलचा आय३ प्रोसेसर, पाचवी पिढी, २०१५ चा, विंडोज १०. बाबांना व्यसन एकच, कोकण रेल्वेच्या इंजिनातून काढलेले व्हिडिओ. तेही पावसाळ्यातले. गेल्या वर्षापासून पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजायला लागला. टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर ९४ टक्के. दुकानदार म्हणाला रॅम वाढवा. चारची आठ केली. तरी ९४. पैसे गेले ते गेलेच.

मग व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ पाहिलं. कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून पाठवायची आणि परत उलगडायची पद्धत. त्यापुढे ‘व्हीपी०९’, म्हणजे व्हीपी९. इथेच ग्यानबाची मेख. एच.२६४ हा जुना कोडेक उलगडायला या लॅपटॉपच्या ग्राफिक्समध्ये वेगळी सर्किटं आहेत, त्याला ते काम म्हणजे डाव्या हाताचा मळ. व्हीपी९ ची पुरती सोय इंटेलने केली सातव्या पिढीपासून, त्याहून नव्या एव्ही१ ची तर २०२० मध्ये आलेल्या अकराव्यापासून. सर्किट नसलं की सगळी हमाली प्रोसेसरच्या डोक्यावर. १०८० दर्जाला सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे १२ कोटींवर ठिपके, आणि ते रंगवायला बिचारे दोन कोअर.

ब्राउझरमध्ये एच२६४इफाय नावाचं फुकट एक्स्टेन्शन टाकलं. ते यूट्यूबला जुनाच कोडेक द्यायला लावतं. ९४ वरून २२. यंत्र तेच, व्हिडिओ तोच, गाडीही तीच. मग म्हातारं कोण झालं? नवा कोडेक तोच व्हिडिओ कमी डेटात पाठवतो. यूट्यूबच्या कंपनीला स्वतःची बँडविड्थ वाचवायची होती, तिने बिल बाबांच्या प्रोसेसरच्या नावावर फाडलं. आणि वर तुम्ही म्हणता नवीन घ्या!

चोखंदळ
माझ्या नावाने धागा निघाला, धन्य झालो. तुमच्याच लिखाणातून उत्तर देतो. ‘सर्किट नाही’ म्हणजेच जुना. वेगळं काय म्हणालो होतो मी? व्हीपी९ आला २०१३ ला, तुमचा लॅपटॉप २०१५ चा. त्यात ती सोय नव्हती तर भांडण लॅपटॉपवाल्यांशी करा. शिवाय विंडोज ११ अधिकृतपणे पाचव्या पिढीवर चढत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बाबा त्यावर बँकेचं काम करत असतील तर आधी त्याची काळजी करा, रेल्वेचं नंतर बघू.

आणि हो, स्क्रीन किती आहे?

घाटमाथा
१३६६ बाय ७६८. का?

चोखंदळ
मग १०८० मागवून काय लोणचं घालताय? ७२० लावा. निम्म्याहून कमी ठिपके. एक्स्टेन्शनही नको आणि धागाही नको.

घाटमाथा
लावून बघितलंय हो. यूट्यूब ७२० ला इतकं पिळून देतं की उक्षी स्टेशनची झाडी शेवाळ्यासारखी दिसते. तोच व्हिडिओ १०८० मध्ये मागवला की लहान स्क्रीनवरही पानं सुटी दिसतात. ठिपके मोजणाऱ्यांना हे कळायचं नाही.

रानजाई
मला वेगळ्याच गोष्टीचा राग आलाय. “कंपनीची बँडविड्थ वाचते” म्हणे! अहो, त्या नळाचं दुसरं टोक आमच्या घरात आहे. देवरुखच्या अलीकडे आमचं गाव, टॉवरची एक काडी, तीही दारातल्या पायरीवर उभं राहिलं तर. त्याच दर्जाचा व्हिडिओ एच.२६४ मध्ये घेतला की डेटा जास्त जातो. आमच्यासाठी व्हीपी९ म्हणजे उपकार आहेत. शहरात फायबर घेऊन बसलेल्यांनी जुन्या कोडेकची आरती ओवाळायला काय जातंय?

तुमच्या बाबांकडे नेट कसलं आहे?

घाटमाथा
मोबाईलचा हॉटस्पॉट. दिवसाला दीड जीबी.

रानजाई
आणि एक्स्टेन्शन टाकल्यापासून दीड जीबी कधी संपतो?

घाटमाथा
…दुपारी. बाबांचा फोन आला होता, “हल्ली नेट जेवणाआधीच जातं.” मी मोबाईल कंपनीला तीन तक्रारी केल्यात. बरं, हा मुद्दा तुमचा. खूश?

रानजाई
तीन तक्रारी! :) हो, खूश.

सोल्डरिंग
मुंबईत लॅमिंग्टन रोडला अठरा वर्षं लॅपटॉप उघडतोय. कोडेक-बिडेक ठीक आहे, पण पंखा शेवटचा कधी साफ केला? दहातल्या सात लॅपटॉपांत जाळीवर धुळीचा नमदा बसलेला निघतो. घरी वापर कुठे? गोधडीवर. खालून हवा घ्यायची जागा बंद. मग प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग उतरवतो. काम तेवढंच, वेग अर्धा, म्हणजे तेच काम त्याला दुप्पट जड. पंख्याचा आवाज किती कोडेकचा आणि किती गोधडीचा, ते न उघडता कोणी सांगू नये. प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी पेस्टही सुकलेली असणार, लिहून घ्या.

आणि रॅम विकणाऱ्याने एचडीसाठी रॅम सांगितली असेल तर तो आमच्या धंद्याला कलंक आहे.

घाटमाथा
गोधडी आहे. आईने मुद्दाम शिवलेली, लॅपटॉपसाठी.

पेंग्विन_पुणेरी
यावर कायमचा इलाज ऊबंटू, म्हणजे विंडोज काढून लिनक्स. इतकंच बोलतो.

चोखंदळ
इतकंच बोललात तेच बरं. लिनक्सवर ब्राउझरला व्हिडिओसाठी ग्राफिक्सची मदत मिळवायला वर्षानुवर्षं लोकांनी डोकं आपटलंय. फायरफॉक्सने इंटेलसाठी ती आपणहून चालू केली २०२३ ला, ११५ व्या आवृत्तीत. आणि यांच्या लॅपटॉपात मुळात व्हीपी९ चं सर्किटच नाही, ऊबंटू ते काय विटेवर उभं करणार?

पेंग्विन_पुणेरी
लिनक्स न वापरता लिनक्सवर बोलणं हा राष्ट्रीय छंद आहे.

चोखंदळ
२००९ पासून वापरतो. म्हणूनच बोलतो.

कांदेपोहे
सगळं वाचलं. मला एकच विचारायचंय. हे एक्स्टेन्शन टाकण्याआधी बाबांना विचारलं होतं?

घाटमाथा
विचारायचं काय त्यात? एनीडेस्कवरून टाकलं, इथे बसून त्यांचा लॅपटॉप चालवता येतो त्यावरून. त्यांना कोडेक म्हणजे काय ते माहीत नाही.

कांदेपोहे
तेच तर. पुण्यात बसून त्यांच्या यंत्रात परस्पर हात घालायचा, मग त्यांचं नेट दुपारी संपणार, आणि त्यांना वाटणार आपल्याकडूनच काहीतरी चुकलं. माझ्या सासऱ्यांचं हेच झालं. धाकट्या दिरांनी ‘स्वच्छता’ केली, त्यात भजनांची प्लेलिस्ट उडाली. आठ दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. आम्हाला वाटलं तब्येत बिघडली.

सातासमुद्रापार
कांदेपोहेताई, बोलणं सोपं असतं. मी इकडे लेस्टरला, आई साताऱ्याला एकटी. इकडे माझं ऑफिस चालू, तिकडे “स्क्रीन काळी झाली गं” म्हणून तिचा फोन. प्रत्येक बटणाला परवानगी मागत बसले तर माझी नोकरी जाईल. मी तिच्या यूट्यूबचा दर्जा ४८० वर ठेवलाय, गेली दोन वर्षं. तिला कळलेलंही नाही.

कांदेपोहे
कळलं नाही की सांगितलं नाही? या दोन्हींत फरक आहे.

सातासमुद्रापार
माझ्या आईबद्दल तुम्ही मला शिकवू नका. तुम्ही साताऱ्याला जाऊन बसता का तिच्याजवळ?

सोल्डरिंग
अहो शांत व्हा. पंख्याचा धागा आहे.

घाटमाथा
कांदेपोहेताईंचं मला लागलंय, पण खोटं का बोलू. त्या एक्स्टेन्शनमध्ये ६० फ्रेम बंद करायचाही पर्याय आहे. मी तोही चालू केला होता, टक्के अजून उतरावेत म्हणून. दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, “झाडं अडखळतात.” मी म्हटलं वयामुळे वाटतं. त्यांनी डोळे तपासून घेतले. चष्म्याचा नंबर तोच आहे.

कांदेपोहे
झालं समाधान? माणसाचे डोळे शाबूत, आणि मुलाने त्यांना म्हातारं ठरवलं. वर धाग्याचं नाव काय, तर “लॅपटॉप म्हातारा झालेला नाही”.

चोखंदळ
मी इतका वेळ भांडतोय, पण हे मलाही जमलं नसतं.

बरं, आता कामाचं. घाटमाथा, पावसाळ्यातली झाडी म्हणजे कोडेकसाठी सर्वांत वाईट. प्रत्येक पान हलतंय, थेंब पडतायत, आधीच्या फ्रेमवरून उचलण्यासारखं काही नाही. बोगद्यात टक्के उतरतात का बघा.

घाटमाथा
आत्ता एक्स्टेन्शन बंद करून बाबांना फोनवर आकडे वाचायला लावले. एनीडेस्क नाही, त्यांनी स्वतः वाचले. उक्षी सुटल्यावर ९५. करबुडेच्या बोगद्यात गाडी शिरली, ४० च्या खाली. साडेसहा किलोमीटर निवांत. बाहेर पडली, परत ९५. बाबांना याचीच मजा वाटायला लागली, आता प्रत्येक बोगद्याचा आकडा वहीत लिहून ठेवतायत.

मी त्यांना दोन्ही पर्याय समजावले: पंखा वाजेल पण नेट पुरेल, किंवा पंखा गप्प आणि नेट दुपारी जाईल. त्यांनी तिसराच काढला. व्हीपी९, ७२०, ६० फ्रेम. “पानं जरा पुसट चालतील, गाडी अडखळायला नको.” ५५ टक्क्यांवर चालतंय.

चोखंदळ
७२० मी कितव्या प्रतिसादात सांगितलं होतं?

घाटमाथा
दुसऱ्या. फ्रेम करून लावा.

सोल्डरिंग
आणि गोधडी?

घाटमाथा
खाली पाट घातलाय. गोधडी पाटाच्या खाली, आईचा मान म्हणून. पंखा आता ऐकूच येत नाही, त्यामुळे बाबा मघाशी विचारत होते, बिघडला तर नाही ना?

सोल्डरिंग
कागदाचा कपटा जाळीजवळ धरायला सांगा. उडाला तर फिरतोय. नाही उडाला तर लगेच बंद करा आणि मला सांगा.