दोन हजारांचं वायरवालं ड्रिल मशीन घरकामाला पुरेल का?

गॅलरीतली_तुळस

नमस्कार मंडळी. पुनावळ्यात नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलोय. बाराव्या मजल्यावर. भिंती अगदी कोऱ्या, एक खिळासुद्धा नाही. करायची कामं: तीन खिडक्यांना पडद्याचे रॉड, हॉलमध्ये ४३ इंची टीव्ही, ओट्याच्या वर दोन फळ्या, बाथरूममध्ये टाइल्सवर टॉवेल रॉड आणि आरसा. शिवाय गॅलरीत छताला ते दोऱ्या ओढून वरखाली होणारं कपडे वाळत घालायचं स्टँड.

सोसायटीत एक ड्रिलवाला येतो. भोकाला ऐंशी रुपये म्हणतो, छताला दीडशे. हिशेब मांडला आणि म्हटलं, एवढ्यात स्वतःचं मशीन येईल की! ऑनलाइन एक सापडलं: ६५० वॅट, १३ मिमीचं चक (बिट पकडणारा जबडा), इम्पॅक्ट, सोबत शंभर वस्तूंची पेटी, सगळं मिळून एकोणीसशे. मग बोहरी आळीत चक्कर मारली, तर तिथल्या दुकानदाराने नावाजलेल्या कंपनीचं ५०० वॅटचं, १० मिमी चकचं मशीन काढून दाखवलं, आणि ते त्याहून महाग. वॅट कमी, चक लहान आणि पैसे जास्त, हे काय गणित आहे?

नवरा म्हणतो, घ्यायचंच तर बॅटरीवालं घे. मला वायरवालं हवंय, कारण मशीन वर्षातून चारदा बाहेर निघणार आणि तेव्हा बॅटरी नेमकी मेलेली असणार. चिपळूणला सासरचं जुनं जांभ्याचं घर आहे, गणपतीत जाताना तिथेही नेता आलं तर सोन्याहून पिवळं.

घरात ड्रिल चालवायचा अनुभव शून्य, पण हात धीट आहे.

फुकटचा_सल्ला

ताई, ड्रिलवाल्याला बोलवा आणि मोकळ्या व्हा. धूळ त्याची, घाम त्याचा, भिंतीचा पोपडा निघाला तर भांडायला माणूस समोर. आमच्याकडे मशीन आहे. माळ्यावर आहे. शेजारी मागायला येतात तेव्हा खाली उतरतं.

निवृत्त_फिटर

वरच्यांचं म्हणणं चूक नाही, पण ज्याला स्वतः करायची हौस आहे त्याला अडवू नये.

ताई, तुम्ही यादी दिलीत, वॅट दिले, किंमत दिली. भिंत कसली आहे ते सांगितलं नाहीत. मशीन पुरेल की नाही ते भिंत ठरवते. आमच्या चिंचवडच्या घराच्या भिंती विटांच्या. तिथे १० मिमीचं साधं इम्पॅक्ट ड्रिल मी मुलगी शाळेत असताना घेतलं, आता नात शाळेत जाते. मोटरचे कार्बन (ब्रश) बदलले, वायर बदलली, बाकी मशीन तेच. म्हणजे स्वस्त मशीन वाईट, असं मी अजिबात म्हणणार नाही.

आधी वॅटचं कोडं. वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं तो आकडा. बिटच्या टोकाशी त्यातलं किती पोचतं, ते मोटर, गिअर आणि बेअरिंगच्या दर्जावर असतं. बिननावाच्या मशीनवर छापलेल्या ६५० वर माझा विश्वास नाही. १३ मिमी चकचा अर्थ एवढाच की तेवढ्या जाडीचा दांडा त्यात धरता येतो. तुमचं सगळं काम ६ आणि ८ मिमीच्या बिटमध्ये होणार, त्याला १० चं चक भरपूर झालं.

दुकानात गेलात तर मशीन हातात घेऊन बघा. चक दोन बोटांत धरून डावीकडे उजवीकडे हलवा, खडखड लागली तर खाली ठेवा. ६ मिमीचं बिट लावायला सांगा आणि खटका अगदी हळू दाबा. वेग बोटाच्या दाबाप्रमाणे वाढला पाहिजे. दाबल्याबरोबर एकदम भर्रर्र सुटणारं मशीन नवशिक्याने घेऊ नये. फिरताना बिटच्या टोकाकडे बघा. टोक एका जागी दिसायला हवं. ते हवेत गोल काढत असेल तर ६ चं भोक ७ चं होणार आणि गिट्टी (स्क्रू धरणारी प्लॅस्टिकची नळी) त्यात फिरत बसणार. वायर रबरी आणि जाड हवी. कार्बन बाहेरून बदलता येतात का आणि पुण्यात सर्व्हिस सेंटर आहे का, हे दोन प्रश्न विचाराच. तुमच्या दुकानदाराने महाग मशीन दाखवलं ते बहुतेक यासाठीच.

शंभर वस्तूंच्या पेटीला भुलू नका. त्यातला हातोडा, टेप, पक्कड घरात असतातच आणि बिट असतात फुसके. भिंतीच्या बिटच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडची चिप ब्रेझ करून, म्हणजे झाळून, बसवलेली असते. हलक्या बिटने काँक्रीटवर जोर केलात की टोक तापून निळं पडतं, ब्रेझिंग सुटतं आणि चिप भोकातच राहते. मग पुढे कितीही रेटा, नुसती शिट्टी वाजते. चांगल्या कंपनीचे ६ आणि ८ चे दोन बिट वेगळे घ्या.

आता भिंत ओळखा. कपाट येणार असेल त्या जागी एक भोक पाडून खाली काय पडतं ते बघा. आधी गिलाव्याची राखाडी भुकटी येईल, साधारण अर्धा-पाऊण इंच. त्यानंतर लाल पावडर आली तर वीट. पांढुरकी, हलकी भुकटी आली आणि बिट लोण्यातून गेल्यासारखं गेलं तर एएसी ब्लॉक, म्हणजे हलका, सच्छिद्र सिमेंटचा ठोकळा. राखाडी, बारीक धूळ आणि बिट जागचं हलत नाही, तर काँक्रीट. मशीन घ्यायच्या आधी कळायला हवं असेल तर सोसायटीच्या ऑफिसात विचारा, बांधकाम मिवानचं, म्हणजे साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंतींचं, आहे का. तुमच्या भागातल्या नव्या टॉवरांत ते बरंच आहे.

गॅलरीतली_तुळस

काका, तुम्ही तर आख्खी शिकवणीच घेतलीत, मनापासून आभार. ऑफिसात विचारून आले. मिवानच. मॅनेजर वर म्हणाला, "मॅडम, भिंतीला छिन्नी लावायची नाही हं." आता?

निवृत्त_फिटर

मग ते एकोणीसशेचं घेऊ नका.

मिवान म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओतलेले. वीट कुठेच नाही, सगळं आरसीसी. गिलावाही जवळपास नसतो, पुट्टीचा पातळ थर आणि लगेच काँक्रीट. या भिंती इमारतीचा भार उचलतात, म्हणून मॅनेजर छिन्नीला नाही म्हणतो, आणि ते योग्यच आहे. वायर दडवायला खाच पाडणं वगैरे प्रकार करू नका. ६-८ मिमीच्या भोकांना हरकत नसते.

इम्पॅक्ट ड्रिलच्या आत दोन दातेरी चकत्या असतात. बिट फिरताना त्या एकमेकींवरून उड्या मारतात, तोच त्याचा फटका. फटके मिनिटाला हजारोंनी, पण प्रत्येक फटका इवलासा, आणि तोही तुम्ही मागून रेटाल तेवढाच बसतो. विटेला तेवढं पुरतं. मुरलेल्या काँक्रीटला नाही. खांद्याने रेटून एखादं भोक पडेल, तिसऱ्या-चौथ्याला मशीनच्या जाळीतून जळका वास येईल. वास आला की थांबायचं आणि मशीन भिंतीपासून काढून मिनिटभर मोकळं फिरवायचं, पंख्याची हवा मोटरला थंड करते. लगेच बंद करून खाली ठेवलं तर उष्णता आत कोंडते. बरीच स्वस्त मशीनं अशीच काँक्रीटपायी जळतात आणि नाव मशीनचं खराब होतं.

काँक्रीटला रोटरी हॅमर लागतो. त्यात पिस्टन असतो, तो हवा दाबून आतल्या ठोकळ्याला फेकतो आणि ठोकळा बिटच्या मागे आदळतो. फटके कमी, पण प्रत्येकात दम. तुम्ही रेटायचं नाही, नुसतं धरायचं. ६ मिमीचं दोन इंची भोक बघता बघता होतं. त्याला साधे गोल दांड्याचे बिट चालत नाहीत, एसडीएस प्लस म्हणून खाचा असलेल्या दांड्याचे लागतात. ते चावीशिवाय खटकन बसतात. दोन किलोच्या आसपासचा, २० मिमी क्षमतेचा लहान हॅमर तुम्हाला पुरे. किंमत तुमच्या बजेटच्या दुपटीकडे जाते.

दुसरा रस्ता: बऱ्याच हार्डवेअर दुकानांत हॅमर दिवसाच्या भाड्याने मिळतो, डिपॉझिट ठेवावं लागतं. सगळ्या जागा आधी पेन्सिलीने आखून ठेवा, एका दिवसात यादी संपवा, मशीन परत. वर्षातून चारच भोकं पाडणाऱ्याला मी हेच सांगतो. तुम्हाला चिपळूणलाही न्यायचंय, म्हणून विकत घेणं पटतं.

दोन गोष्टी मात्र जपायच्या. मिवानमध्ये विजेचे पाइप काँक्रीट ओतायच्या आधीच आत टाकलेले असतात. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका. गॅलरीच्या छताला दिव्याचा पॉइंट असेल तर त्यापासून दूर राहा, कारण स्लॅबमधला पाइप कुठून कसा गेलाय ते वरून कळत नाही. त्या खोलीचा एमसीबी पाडा आणि मशीनला वीज दुसऱ्या खोलीतून एक्स्टेंशनने घ्या. एक्स्टेंशन जाड वायरचं, आणि गुंडाळीचं असेल तर पूर्ण उलगडून.

दुसरं, सळई. बिट एकदम अडलं, आवाज टणटणीत झाला आणि धुळीत चमकते कण दिसले की सळई लागली. जोर करायचा नाही. इंचभर बाजूला सरका.

स्टँडच्या पाकिटात प्लॅस्टिकच्या गिट्ट्या येतात, त्या छताला वापरू नका. ओल्या चादरींचं वजन सरळ खाली ओढतं, गिट्टी हळूहळू निसटते. धातूचे अँकर फास्टनर घ्या, आणि भोक त्यांच्या पाकिटावर लिहिलेल्या मापाचंच पाडा. छताला भोक पाडताना चष्मा हवाच. रिकाम्या श्रीखंडाच्या डब्याच्या तळाला भोक पाडून तो बिटवर चढवा, निम्मी धूळ त्यात पडते.

चिरेबंदी

चिपळूणचा विषय निघालाच आहे तर थोडं. आमचं घर संगमेश्वरकडचं, चिऱ्याचंच. जांभ्यात पोकळ्या असतात, काही पिवळ्या मातीने भरलेल्या. फटका चालू ठेवलात तर भोकाची कड ढासळते आणि ६ चं बिट काढलं तरी अंगठा जाईल एवढा खड्डा दिसतो. फटका बंद, नुसतं फिरवायचं. गिट्टीपेक्षा एक मिमी लहान बिट, आणि गिट्टी हातोडीने ठोकून बसवायची. चिऱ्याच्या मध्ये पाडा, सांध्यात नको. जुन्या घरात सांधा मातीचा किंवा चुन्याचा असतो, तो काहीच धरत नाही. गिट्टी तरीही फिरली तर आमच्याकडे सागाची खुंटी तासून ठोकतात आणि तिच्यात स्क्रू घेतात.

आणि व्होल्टेज! संध्याकाळी गावात पंखे रेंगाळायला लागले की ड्रिल हातात घेऊ नका. कमी व्होल्टेजवर रेटलं की मोटर तापते. सकाळी करा.

गॅलरीतली_तुळस

सगळ्यांचं ऐकून लहान हॅमरच घ्यायचा ठरवलाय. नवऱ्याला म्हटलं, बॅटरीचे पैसे वाचले ते यात घाल. फक्त बाथरूमच्या टाइल्सची भीती वाटते. हॅमरने टाइल फुटणार नाही ना? आणि लाकडाच्या फळ्यांना याच मशीनने भोकं पडतील का?

फुकटचा_सल्ला

भोकाला ऐंशी रुपये अजूनही स्वस्त वाटतायत मला.

निवृत्त_फिटर

टाइलवर फटका चालू केलात तर फुटेल, बंद ठेवलात तर नाही. त्या मशीनला बाजूला एक बटण असतं; ड्रिलचं चित्र म्हणजे नुसतं फिरणं, हातोडीचं चित्र म्हणजे फटका. टाइलवर मास्किंग टेप चिकटवून त्यावर खूण करा, म्हणजे टोक घसरत नाही. भाल्याच्या टोकाचं टाइलचं बिट घ्या आणि हळू वेगाने, पाण्याचा थेंब सोडत, टाइल पार करा. टाइल्स व्हिट्रिफाइड असतील तर ते बिट नुसतं गुळगुळीत होईल, डायमंडचं लागेल. टाइल पार झाली की बिट बदला, एसडीएसचं लावा आणि मग फटका. टाइलच्या कडेपासून निदान इंचभर आत राहा. नळाच्या आणि गिझरच्या पॉइंटच्या सरळ रेषेत पाडायचं नाही, तिथे पाइप असतो.

लाकडाच्या आणि टाइलच्या गोल दांड्याच्या बिटांसाठी एसडीएसमध्ये बसणारं वेगळं चक मिळतं, ते घेऊन ठेवा. थोडं लांब आणि जरा डुगडुगतं, सुतारकामाला नको, पण फळीला चार भोकं पाडायला चालतं. त्या चकवर फटका कधीच लावायचा नाही, त्याचे जबडे सैल होतात.

टीव्हीचं भोक पहिलं पाडू नका. हात बसेपर्यंत पडद्याच्या रॉडपासून सुरुवात करा, तिथे चुकलं तर ब्रॅकेटखाली झाकलं जातं. आणि सोसायटीत दुपारी दोन ते चार मशीन बंद ठेवायचा नियम असेलच, तो वाचून घ्या.