मदत हवी आहे: मानसोपचाराच्या गोळ्या, वाढलेलं प्रोलॅक्टिन आणि बहिणीची थांबलेली पाळी

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीसाठी लिहितेय. तिला विचारून, आधी तिला वाचायला देऊन मग इथे टाकतेय. तिचं वय २७, राहायला आम्ही कोथरूडला. डॉक्टरांची नावं मुद्दाम देत नाही, कृपया विचारू नका.

मागच्या वर्षी तिला बराच त्रास झाला. शेजारचे आपल्याबद्दलच बोलतात, फोनमधून कुणीतरी ऐकतंय असं वाटायचं, रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी रिस्पेरिडोन सुरू केलं. आता डोस रात्री ४ मिलिग्रॅम, आणि हात थरथरायला लागले म्हणून जोडीला ट्रायहेक्सिफेनिडिल. गोळ्यांचा गुण आला, अगदी स्वच्छ दिसेल इतका आला. आवाज थांबले, झोप लागते, सकाळी बस पकडून हिंजवडीला कामावर जाते. मला गोळ्यांच्या विरोधात काही म्हणायचं नाहीये, हे आधीच सांगते.

पण दिवाळीपासून तिची पाळी आलेली नाही. छाती जड होते आणि दुधासारखं पाणी येतं. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. ऑफिसला जाताना कुर्त्याच्या आत रुमालाची घडी ठेवत होती. धुण्याच्या बादलीत तो रुमाल आईच्या हाती लागला, मधोमध वाळून कडक झालेला, पिवळट डाग पडलेला. आईने पहिला प्रश्न कुठला विचारला असेल ते तुम्हाला कळलंच असेल. त्यानंतर दोन दिवस दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेलं. गर्भाची चाचणी निगेटिव्ह, थायरॉइड ठीक, प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) मात्र ११२. रिपोर्टवर कमाल मर्यादा २५च्या आसपास छापली आहे. मानसोपचाराची फाइल माझ्या मांडीवर होती, ती पुढे केली, तर बाई म्हणाल्या, "त्या गोळ्या तो त्यांचा विषय, पाळीचं मी बघते." आणि प्रोलॅक्टिन उतरवायला कॅबरगोलिन लिहून दिलं, आठवड्यातून दोनदा. घरी येऊन वाचलं तर कॅबरगोलिन डोपामिनचं (मेंदूतलं निरोप पोचवणारं एक रसायन) काम वाढवतं आणि रिस्पेरिडोन तेच काम अडवतं. मग ही गोळी दिली तर मागचा त्रास परत उपटणार नाही का? मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मिळायला अजून अवकाश आहे. कॅबरगोलिनची पट्टी आणून ठेवली आहे, पण दिलेली नाही.

बहीण म्हणते, "ताई, डोकं परत मिळालं पण अंग माझं राहिलं नाही. मी रात्रीची गोळीच सोडते." तिला "जरा सोस" असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. डोक्यात आवाज येत होते तेव्हा आम्ही सगळे तिच्यामागे उभे राहिलो. आता ती छातीतून पाणी येतंय म्हणतेय, तर "बरी झालीस ना, मग एवढं काय" असं घरातूनच तिला ऐकवलं जातंय. मला हे पटत नाही. गोळी चालू राहिली पाहिजे आणि हा त्रासही गेला पाहिजे, दोन्ही मागण्या एकाच मुलीच्या आहेत.

डोक्याच्या गोळीने पाळी का थांबते? कॅबरगोलिन सुरू करावं की नाही? गोळी न सोडता यातून वाट निघते का? आणि दोन डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला कसं लावायचं? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.

सदाशिवपेठकर:

ताई, मी औषधशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त. मानसोपचारतज्ज्ञ नाही, तेव्हा उपचार तुमच्या डॉक्टरांचाच. पण होतंय काय ते सांगू शकते, कारण ते ठाऊक असलं की भीती बरीच कमी होते.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस आहे आणि त्याच्याखाली लोंबणारी वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी. पिट्यूटरीच्या इतर बहुतेक हार्मोन्सना वरून "सोड" असा निरोप यावा लागतो. प्रोलॅक्टिनचं उलट आहे. त्या पेशी आपणहून प्रोलॅक्टिन सोडायला तयारच असतात, आणि हायपोथॅलॅमसकडून येणारं डोपामिन त्यांना सतत आवरून धरतं. बाळंतपणानंतर बाळ अंगावर पिऊ लागलं की हा धाक सैल होतो. रिस्पेरिडोन डोपामिनचे डी-२ नावाचे ग्राहक (पेशीवरच्या ज्या जागांना चिकटून डोपामिन निरोप देतं त्या) अडवतं. मेंदूच्या एका भागात ते अडले की संशय आणि आवाज कमी होतात, हालचालींच्या भागात अडले की हात थरथरतात (म्हणून ती दुसरी गोळी), आणि पिट्यूटरीत अडले की प्रोलॅक्टिनवरचा धाक उठतो. औषध तेच, काम तेच, जागा तीन.

प्रोलॅक्टिन वाढलं की पाळीचं चक्र चालवणारे वरचे संकेत मंदावतात, मग एलएच आणि एफएसएच (बीजकोषांना चालना देणारी पिट्यूटरीची हार्मोन्स) कमी, इस्ट्रोजेन कमी आणि पाळी बंद. तुमच्या बहिणीने काही वावगं केलेलं नाही, हे तुमच्या आईला आवर्जून सांगा. वाटल्यास माझा हा प्रतिसाद वाचून दाखवा. अशा प्रकारचं पहिलं औषध, क्लोरप्रोमाझिन, १९५२ साली पॅरिसमध्ये मनोरुग्णांसाठी वापरात आलं आणि त्याच दशकात बायकांची पाळी थांबणं, अंगावर दूध येणं डॉक्टरांच्या नजरेस आलं. म्हणजे हे जुनं, ओळखीचं दुखणं आहे. तरीही ओपीडीत ते विचारलं जात नाही, आणि मुली लाजेने सांगत नाहीत.

कॅबरगोलिनबद्दल तुमची शंका रास्त आहे. ते डोपामिनसारखं वागतं, त्यामुळे सायकोसिस (भास, खोटे संशय येणारा आजार) झालेल्या माणसात लक्षणं उसळण्याचा धोका असतो. ते कधीच देत नाहीत असं नाही, पण मानसोपचारतज्ज्ञांना न विचारता सुरू करायची ती गोळी नाही. वेळेची वाट बघत बसू नका. दवाखान्यात फोन करून निरोप द्या की प्रोलॅक्टिन ११२ आलंय आणि कॅबरगोलिन लिहून मिळालंय.

वाट निघते. डोस कमी करणं, प्रोलॅक्टिन फारसं न वाढवणाऱ्या औषधावर हळूहळू जाणं, किंवा चालू औषधात थोडं अ‍ॅरिपिप्राझोल घालणं, हे पर्याय डॉक्टर पाहतात. अ‍ॅरिपिप्राझोल डी-२ ग्राहक पूर्ण अडवत नाही, अर्धवट चालू ठेवतं, म्हणून बऱ्याच जणींत रिस्पेरिडोन चालू असतानाही प्रोलॅक्टिन खाली येतं. त्याने काहींना एका जागी बसवत नाही, पाय सारखे हलवावेसे वाटतात, ते लक्षात असू द्या. प्रत्येक बदलात आजार उलटण्याची थोडी जोखीम असतेच, म्हणून घरच्यांनी तेव्हा झोपेवर नजर ठेवायची. गोळी एकदम सोडणं हा सगळ्यात महागात पडणारा मार्ग आहे.

एक विचारते. या दोन गोळ्यांखेरीज ती आणखी काही घेते का? अ‍ॅसिडिटीसाठी, उलटीसाठी? नीट बघून सांगा.

धागाकर्ती:

काकू, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, पण रात्री बहिणीच्या खोलीत जाऊन बसली.

तुम्ही विचारलंत म्हणून औषधांचा डबा पालथा घातला. जळजळीसाठी घराजवळच्या डॉक्टरांनी दिलेली एक कॅप्सूल ती सकाळी उपाशीपोटी घेते, बरेच महिने. मेडिकलवाल्याने पट्टी कात्रीने अशी कापून दिली होती की वरचं नाव गेलेलं. फॉइलच्या कडेला बारीक अक्षरांत अर्धंच दिसत होतं. चष्मा लावून, उजेडात तिरपं धरून वाचलं: रॅबेप्राझोल, आणि पुढे "...सल्पिराइड". दुकानात जाऊन पूर्ण पट्टी पाहिली. लेव्होसल्पिराइड आहे.

सदाशिवपेठकर:

हेच मला बघायचं होतं. लेव्होसल्पिराइडही डी-२ अडवतं. आपल्याकडे अ‍ॅसिडिटीच्या गोळीबरोबर एकाच कॅप्सूलमध्ये ते सर्रास येतं, आणि प्रोलॅक्टिन वाढवण्यात ते काही मागे नाही. उलटीवरच्या डॉम्पेरिडोनचंही तसंच. ते मेंदूत फारसं शिरत नाही, पण पिट्यूटरी मेंदूच्या रक्तपडद्याच्या (रक्तातली बरीच औषधं मेंदूत शिरू न देणारी आड) बाहेर आहे, त्यामुळे तिथे पोचतं. म्हणजे तुमच्या बहिणीच्या प्रोलॅक्टिनला दोन बाजूंनी रेटा होता. त्या डॉक्टरांना रिस्पेरिडोनचं सांगा आणि नुसती अ‍ॅसिडिटीची साधी गोळी चालेल का विचारा. सगळा दोष कॅप्सूलचा असेल असं नाही, रिस्पेरिडोन एकटंही एवढं वाढवू शकतं. पण जी गरजेची नाही ती आधी काढावी.

आणि पुढची तपासणी करताना झोपेतून उठल्या उठल्या रक्त देऊ नका. प्रोलॅक्टिन झोपेत वाढलेलं असतं, धावपळीने आणि सुईच्या धास्तीनेही वाढतं. उठून दोनेक तास झाल्यावर, लॅबमध्ये थोडं शांत बसून द्या.

मुळाकाठचा:

माझा मुलगा ३१ वर्षांचा. मुलग्यांनाही हे होतं, फक्त ते बोलत नाहीत. त्याची छाती वाढली, बनियनवर घरात फिरणं त्याने बंद केलं. लैंगिक इच्छा गेली हे तो मला कधीच म्हणाला नाही, डॉक्टरांनी एकट्याला बसवून विचारलं तेव्हा बोलला. तोवर गुपचूप गोळ्या गादीखाली ठेवायला लागला होता आणि पुढे दवाखान्यात भरती करावं लागलं. म्हणून तुमची बहीण "गोळी सोडते" असं तोंडाने सांगतेय याला मी फार मोठी गोष्ट मानतो. ती तुमच्यावर विसंबून आहे. रागावू नका.

दोन डॉक्टरांचं म्हणाल तर मी एका कोऱ्या कागदावर सगळी औषधं, डोस, कधी सुरू झाली, आणि शेवटचे रिपोर्ट लिहून त्याच्या दोन प्रती नेतो. एक टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "यावर दुसऱ्या डॉक्टरांसाठी दोन ओळी लिहून द्या." फाइल कुणी उघडत नाही, एक पान मात्र वाचतात.

धायरीला स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचं केंद्र आहे, डॉ. जगन्नाथ वाणींनी सुरू केलेली संस्था. नातेवाइकांच्या स्वमदत गटाची चौकशी तिथे करा. आईला घेऊन जा. मध्यरात्री काही प्रश्न पडला आणि डॉक्टर हाताशी नसले तर सरकारचा टेलिमानस हा मानसिक आरोग्याचा मदत क्रमांक १४४१६ आहे, मराठीत बोलतात.

आळंदीवाट:

थोडं अवांतर, पण काकू इथे आहेत म्हणून विचारते. आई लिथियमवर (मनःस्थितीचे चढ-उतार आवरणारं औषध) आहे, थायरॉइडची गोळी नुकतीच सुरू झाली. याचा संबंध असतो का? आणि तिला वारीत आळंदी ते पुणे चालायचंच असतं.

सदाशिवपेठकर:

संबंध असतो. लिथियमने थायरॉइड मंदावू शकतं, म्हणून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि किडनीची तपासणी ठरावीक काळाने करतात. लिथियम सोडायचं नसतं, थायरॉइडची गोळी जोडीला चालते. वारीचं डॉक्टरांना आधी सांगा. घाम जाऊन पाणी कमी पडलं की रक्तातलं लिथियम वाढतं, आणि पाय दुखतात म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतलं तर आणखी वाढतं. वेदनाशामक कुठलं चालेल ते लिहून घ्या. हात जास्त थरथरणं, जुलाब, उलट्या, तोल जाणं दिसलं तर चालणं थांबवून लगेच दवाखाना गाठायचा.

धागाकर्ती:

फोनवर निरोप दिला, आणि मानसोपचारतज्ज्ञांनी स्वतः उलट फोन केला. कॅबरगोलिन सुरू करू नका म्हणाले, रिस्पेरिडोन आहे तसंच चालू ठेवायला सांगितलं आणि गुरुवारी मधली वेळ दिली. डोकेदुखी आहे का, बाजूचं दिसायला कमी झालंय का, हे विचारलं. तसं काही नाहीये. काय केल्यावर प्रोलॅक्टिन किती उतरतं ते बघून पिट्यूटरीत गाठ वगैरे नाही ना हे पाहायला एमआरआयचं ठरवू म्हणाले. जवळच्या डॉक्टरांनी कॅप्सूल बदलून साधं पँटोप्राझोल दिलं.

मुळाकाठच्या काकांनी सांगितलेला कागद बहिणीने स्वतः लिहिला. औषधांच्या खाली तिने एक ओळ घातली आहे: "पाळी परत सुरू व्हावी आणि आवाज परत येऊ नयेत." गुरुवारी तो कागद तीच डॉक्टरांपुढे ठेवणार आहे.

काकू, अजून दोन शंका. पाळी बंद आहे म्हणजे गर्भ राहणारच नाही असं धरून चालतं का? आणि इस्ट्रोजेन इतके महिने कमी राहिलं तर हाडांचं काय?

सदाशिवपेठकर:

पहिलीचं उत्तर नाही. पाळी येण्याआधीच बीज सुटू शकतं, आणि औषध बदलून प्रोलॅक्टिन उतरलं की तर नक्कीच. तिला तसं मोकळेपणाने सांगा, कारण या औषधांवर असताना गर्भधारणा ठरवून, डॉक्टरांशी बोलून व्हावी. गर्भनिरोधक गोळी घ्यायची वेळ आली तर तीही दोन्ही डॉक्टरांच्या कानावर घाला.

हाडांचं म्हणाल तर इस्ट्रोजेन दीर्घकाळ कमी राहिलं की ती विरळ होतात, आणि या वयात हाडांची पुंजी साठत असते. काही महिन्यांनी घाबरून जाण्यासारखं नसतं, पण पाळी तशीच बंद राहिली तर डेक्सा (हाडांची घनता मोजणाऱ्या) तपासणीबद्दल विचारा. ड जीवनसत्त्वाची तपासणी गुरुवारच्याच रक्तात करून घ्या.

धागाकर्ती:

कागदावर दोन्ही लिहिलं. पुण्यात डेक्सा तपासणी धर्मादाय दवाखान्यात कमी खर्चात कुठे होते, कुणाला माहीत असेल तर इथे किंवा व्यक्तिगत निरोपातून सांगा. गुरुवारी काय ठरतंय ते येऊन लिहिते.