जुनी ऑटोमॅटिक पिकअप घेतलीय, गिअरबॉक्स बसायच्या आधी काय करू? (मदत हवी आहे)

जांबोटी_नाका:

नमस्कार मंडळी. मुक्काम जांबोटीजवळ, खानापूर तालुका. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून क्लच दाबवत नाही, म्हणून दोन महिन्यांपूर्वी कोल्हापूरहून सेकंडहँड डबल कॅब पिकअप घेतली. 2019 ची, डिझेल, 6 गिअरची ऑटोमॅटिक, मीटरवर 92,000. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर ‘ही कशाला घेतली, ती घ्यायची होती’ यातच धागा संपेल. एमएच 09 ची केए 22 करून घेण्याची कथा वेगळी, ती पुन्हा कधीतरी.

इंजिन टकाटक आहे. घोर गिअरबॉक्सचा आहे. सकाळी पहिल्यांदा डी मध्ये (पुढं जायच्या गिअरला) टाकली की एक-दोन सेकंद काहीच होत नाही, मग मागून कुणीतरी गुडघा मारल्यासारखा हिसका. पिरनवाडीच्या पुढं मोकळा रस्ता लागला आणि 60-65 चा वेग धरला की खालून थरथर येते, चाळणी हलवल्यासारखी. पाय उचलला की थांबते.

हे दोन्ही मी चालवून घेत होतो. पण गेल्या आठवड्यात साखळीला बहिणीकडे गेलो होतो. परत येताना मागं नारळाची पोती, माडाची बारा रोपं, आणि चोर्ल्याच्या चढाला पुढं ट्रकची रांग. एका वळणानंतर ट्रक काढायला पाय दाबला तर आरपीएमचा काटा तीन हजारांच्या वर आणि गाडी तिथंच. मग एकदम धरलं. वर सपाटीला थांबून खाली वाकून बघितलं. गळती नाही, पण करपल्यासारखा वास येत होता.

60,000 पर्यंतच्या पावत्या आहेत. इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड सगळं आहे, गिअरबॉक्सच्या तेलाचं नाव कुठं नाही. विकणारा म्हणाला होता, ते लाइफटाइम असतंय. उद्यमबागेतला मिस्त्री म्हणाला, “मालक, चालालीय न्हवं? मग हात लावू नका. नवीन तेल घातलं की जुने बॉक्स बसतात.” तिसऱ्या ठिकाणी मशीन लावून सगळं तेल एका दमात फ्लश करून देतो म्हणाले. तीन तोंडं, तीन सल्ले. कुणाचं ऐकू?

शिरोलीचा_पाना:

दादा, आधी एक कर. गाडी लोडनं घाट चढवू नकोस, निदान पंधरा दिवस.

‘लाइफटाइम’ म्हणजे कुणाचं लाइफ, हे विचारायला पाहिजे होतंस. ऑटोमॅटिकमध्ये तेल नुसतं वंगण नसतं. पंप त्याच तेलाचा दाब तयार करतो, त्या दाबानं आतल्या क्लच प्लेटा आवळल्या जातात, टॉर्क कन्व्हर्टर त्याच तेलातून इंजिनची ताकद पुढं देतो आणि उष्णता बाहेर न्यायचं कामही त्याच्याकडंच. चढाला ट्रकच्या मागं रांगत असताना कन्व्हर्टर लॉक होत नाही (म्हणजे आतून थेट जोडला जात नाही), आत तेल नुसतं घुसळलं जातं आणि तापतं. साधारण 80 ते 95 अंश ठीक. 120 च्या वर वारंवार गेलं तर तेल झपाट्यानं मरतं. तुझी 60-65 ची थरथर बहुतेक लॉक-अपचीच आहे, आणि ती कधीकधी नुसत्या तेलानं जाते. चढाला आतल्या प्लेटा घसरल्या, म्हणजे काटा वर गेला आणि गाडी हलली नाही, ते मात्र गंभीर आहे.

मिस्त्री अगदीच खोटं बोलला नाही. प्लेटा पुरत्या झिजल्या असतील तर तेल बदलून काही होत नाही, आणि बॉक्स बसला की लोक नव्या तेलाला शिव्या घालतात. म्हणून आधी तेल बघायचं. पांढऱ्या कागदावर थेंब घे. लालसर किंवा चहाच्या रंगाचं, जळका वास नाही, तर आशा आहे. काळं आणि करपट असेल तर खर्चाची तयारी ठेव. पॅन (खालचा तेलाचा ट्रे) खोलला तर आतल्या चुंबकावर काजळासारखा करडा लेप दिसेल, त्यानं घाबरू नकोस. बोटाला टोचणारे कण निघाले तर घाबर.

आणि गाडी पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण काढून बघ. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर रेडिएटरच्या आतच असतो. तो आतून फुटला तर पाणी-कूलंट तेलात जातं आणि तेल सोलकढीसारखं गुलाबी होतं. तसं दिसलं तर गाडी सुरूसुद्धा करायची नाही, टो करून न्यायची, तीही फ्लॅटबेडवर (अख्खी गाडी वर चढवून नेणाऱ्या ट्रकवर). चाकं रस्त्यावर ठेवून ओढली की इंजिन बंद, पंप बंद, आणि बॉक्स कोरडा फिरतो.

टिळकवाडीकर:

फ्लशच्या नादाला लागू नका. माझ्या आधीच्या गाडीला एक लाख दहा हजारावर मशीन लावलं आणि तीन आठवड्यांत तिसरा गिअर गेला. फ्लशमुळंच गेला असं मी शपथेवर सांगणार नाही. पण पुन्हा लावणार नाही.

नुसता तेलाचा खालचा नट काढून जेवढं पडेल तेवढंच बदलायचं. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि पाइपात राहतं. दर वेळी 40 टक्के बदललं असं धरलं तर तीन फेऱ्यांत साधारण 78 टक्के तेल नवं होतं. वेळ लागतो, पण बॉक्सला धक्का बसत नाही. तेल पुस्तकात लिहिलंय त्याच नंबरचं. ‘सगळ्याला चालतंय’ वालं नको.

निपाणीची_सून:

काका, टायर बघितलेत का? हौशी मालक पिकअपला नंबर वाढवून टायर घालतात. त्यानं प्रत्येक गिअरवर भार वाढतो आणि मीटर कमी मोजतो, म्हणजे तुमचे 92,000 खरे त्याहून जास्त असतील.

आमच्याकडे ऑटोमॅटिक आहे. सासऱ्यांना एक सवय सोडवायला मला वर्ष लागलं: चढाला उभी राहिली की ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर धरून ठेवायची. थेट बॉक्स तापवणं आहे ते. आर (रिव्हर्स) मधून डी ला जाताना चाकं पूर्ण थांबू द्या. उतारावर लावताना ब्रेकवर पाय ठेवून आधी एन (न्यूट्रल), हँडब्रेक ओढा, ब्रेक हळू सोडून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्या, मगच पी (पार्क). घाटात मॅन्युअल मोडमध्ये दुसरा-तिसरा धरला की सारखी वर-खाली गिअरची शोधाशोध थांबते.

जांबोटी_नाका:

टायर खरंच एक नंबर मोठे निघाले! आता मूळ साइज घालणार.

काल बेळगावातच एका मुलाकडून काम करून घेतलं. त्याच्याकडं स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरवरून तेलाचं तापमान वगैरे दाखवणारं यंत्र) होता म्हणून गेलो. पातळी बघायला डिपस्टिक नाहीच. इंजिन चालू ठेवून, तेल पुस्तकातल्या तापमानाला आलं की बाजूचा नट उघडायचा आणि बारीक धार थांबत आली की बंद. घाईत तापलेल्या गाडीवर बघितलं असतं तर फुगलेलं तेल जास्त सांडलं असतं आणि बॉक्समध्ये कमी राहिलं असतं, हे त्यानं स्वतःहून सांगितलं. तिथंच मला तो पटला.

3 लिटर 800 मिली पडलं. रंग कडक चहाचा, करपट वास थोडा आहे. चुंबकावर लेप, कण नाहीत. रेडिएटर स्वच्छ. पडलं तेवढं नवं भरलं, थोडं वर घालून धार बघितली.

आज सकाळी डी पडायला पहिल्याइतका वेळ लागला नाही, हिसका आहे पण हलका. पिरनवाडीच्या पुढं थरथर अजून येते. दुसरी फेरी करायचीच आहे. ज्यांनी तीन फेऱ्या केल्यात त्यांनी मधे किती किलोमीटर ठेवले? मुलगा म्हणतो हजार, शिरोलीकर तुम्ही काय म्हणता? आणि खानापूरच्या बाजूला स्कॅनरवाला कुणी माहीत असेल तर नाव इथं नको, व्यनि (खासगी निरोप) करा.