दूध पुरतंय ना? पहिल्या चाळीस दिवसांचे अनुभव

अबोली
काल रात्री भाचीचा फोन आला. बाळ तीन दिवसांचं. "मावशी, मला दूधच येत नाही गं, सगळे म्हणतायत पावडर सुरू कर." मागून कुणीतरी "पोर उपाशी मरतंय" म्हणालं, तेही ऐकू आलं. माझी लेक आता बारावीला आहे, पण तिच्या वेळी हेच शब्द ऐकले होते, ते काल जसेच्या तसे आठवले. रात्रभर झोप नाही.

तिसऱ्या दिवशी दूध भरभरून न येणं अगदी नेहमीचं आहे. आधी येतो तो घट्ट पिवळसर चीक, आणि पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चमचाभरच मावतो. दूध उतरतं ते साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात, सिझर असेल तर कधी आणखी थोडं उशिरा. तोवर बाळाला जितक्या वेळा घेऊ तितकं चांगलं, चोवीस तासांत आठ ते बारा वेळा. बाळ ओढतं म्हणूनच दूध वाढतं. बाहेरचं दूध गरज नसताना दिलं की बाळ ओढतं कमी, मग दूधही कमी.

बाळंतिणीला या दिवसांत सल्ल्यांपेक्षा गरम ताट आणि झोप जास्त हवी असते, असं माझं ठाम मत आहे. तुमच्या वेळी खरोखर काय कामी आलं ते लिहा ना. तिला पाठवणार आहे.

निशिगंध
कुकर लावलाय, तेवढ्यात लिहिते. लंगोट मोजायला सांग. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा ओला होत असेल तर दूध पुरतंय, कुणी काही म्हणो. वजन पहिल्या आठवड्यात थोडं उतरतंच, साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येतं. दहा टक्क्यांच्या आसपास उतरलं तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं, घरी वाट बघायची नाही.

सातारकरीण
पकड बघा आधी!! नुसतं टोक तोंडात दिलं की चिरा पडतात, रक्त येतं, मग बाळाला घ्यायचीच भीती. भोवतीचा काळा भाग बराचसा तोंडात गेला पाहिजे, हनुवटी टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. मला हे दवाखान्यातल्या एका सिस्टरने बाजूला बसून दाखवलं. तोवर आमच्या घरातल्या तीन पिढ्या मला शिकवत होत्या, प्रत्येकीचं वेगळं.

मोगरा
+१ सिस्टरना. देव भलं करो त्यांचं.

पाड्यावरची आशा
नमस्कार ताई. मी आशा सेविका आहे, पालघरकडे. दवाखान्यात बाळंतपण झालं की आम्ही घरी सहा वेळा जातो: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. बाळाचं वजन, ताप, नाळ बघतो, आईचं अंगावरून जाणं विचारतो. पण बायका दारातच "सगळं ठीक" म्हणतात, सासू शेजारी उभी असते ना. मग मी सासूबाईंना म्हणते, आजी जरा चहा ठेवा. त्या आत गेल्या की बाई बोलते.
एक गोष्ट हात जोडून सांगते. बाळ अंगावर प्यायचं थांबलं, फार सुस्त झालं, अंग तापलं किंवा गार पडलं, छाती आत ओढून श्वास घेतंय, तर अंगारा-धुपारा करत बसू नका. आणि आईला पॅडमागून पॅड भिजेल असं रक्त जात असेल, ताप येत असेल, किंवा डोकं ठणकून डोळ्यापुढे अंधारी येत असेल तर तिलाही लगेच न्या. सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं, आईचं राहून जातं.

अबोली
ताई, चहाची युक्ती फार आवडली. मनापासून आभार.

नवा बाबा
पुरुषाने लिहिलं तर चालेल ना? दूध आपण पाजू शकत नाही, बाकी सगळं करू शकतो. रात्री बाळ उचलून तिच्याकडे देणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवणं. बघायला येणाऱ्यांना मी दारातच सांगायचो, ती झोपलीय. दोन मावश्या रुसल्या. आता बोलतात.

मोगरा
बाबा, तुमच्यासारखे घरोघरी असोत 🙂

वऱ्हाडी ठेचा
आमच्याकडे नागपूरला मे महिन्यात बाळंतपण अन् वरून खाटेखाली शेगडी! खिडक्या बंद, धूर, घामोळ्या. डॉक्टरीणबाईंनी आईला समजावलं, धूर बाळाच्या छातीला वाईट, खोली हवेशीर ठेवा. आईनं ऐकलं. मालिश मात्र सोडली नाही अन् त्याचा मला फार आराम पडला. सगळं जुनं टाकायचं नसते.

केतकी
घुटी मधात उगाळून चाटवतात का तुमच्याकडे? सासूबाईंचा फार आग्रह आहे, उद्या बारसं.

निशिगंध
केतकी, मध वर्षाच्या आत अजिबात नको. त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्यांना बोटुलिझम होऊ शकतो, नावासारखाच भयंकर आजार. सहा महिने पाणीसुद्धा नको, फक्त अंगावरचं. डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब तेवढे चालू ठेव. सासूबाईंना डॉक्टरांकडूनच सांगायला लाव, सुनेचं ऐकण्यापेक्षा ते सोपं जातं. बारशाला शुभेच्छा! नाव काय ठेवताय?

केतकी
ते आत्याच्या मनात आहे, आम्हालाही सांगत नाहीये 😄

ऱ्हाइनकाठी
जर्मनीत आमच्याकडे कुणीच नव्हतं, आईचा व्हिसा लांबला. पण इथे बाळंतपणानंतर सुईण घरी येते, तिला हेबामे म्हणतात, खर्च विम्यातून. सुरुवातीला रोज यायची. टाके बघायची, बाळाला झोळीत टाकून वजन करायची आणि मला विचारायची, आज जेवलीस का? तिला तूप-मेतकूट-भात खाऊ घातला, भलताच आवडला. भारतात कुणाची आईही नसेल सोबत, तर एखादी अशी बाई आधीच शोधून ठेवा, सातव्या महिन्यातच.

शांत सकाळ
उशिरा लिहितेय. माझं बाळ सातव्या महिन्यातलं, काचेच्या पेटीत होतं. मला दूध येईना. मुंबईत होतो म्हणून दुग्धपेढीतलं दूध मिळालं, कुणातरी अनोळखी आईचं. आशियातली पहिली अशी पेढी शीवच्या रुग्णालयात १९८९ साली सुरू झाली, हे मला तेव्हाच कळलं. पुढे माझं दूध सुरू झालं तेव्हा मीही दिलं.
आणि एक. पहिले काही दिवस रडू येतंच, पण दोन आठवडे उलटले तरी सतत रडू, बाळाकडे बघावंसं न वाटणं, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटणं असं असेल तर ते आळस नाही, नखरे नाहीत, आजार आहे आणि बरा होतो. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक, मराठीतही बोलतात. मला ते दिवस आठवले की अजून छातीत धडधडतं. कुणी एकटी असेल तर प्लीज बोल.

सातारकरीण
❤️ ताई. लेकरू आता कसं आहे?

शांत सकाळ
चौथीत. कबड्डी खेळते, गुडघे कायम फुटलेले.

ऑफिसवाली
नोकरीवाल्यांनो, रजेचा अर्ज लेखी द्या. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा आहे, त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. मी शेवटपर्यंत कामावर गेले आणि सगळी रजा बाळासाठी ठेवली. पुन्हा रुजू झाल्यावर दूध काढून ठेवायचे, फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. प्रवासात असाल तर एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष (बाळाला पाजायची खोली) विचारा, कुलूप असेल तर हक्काने उघडायला लावा.

मोगरा
अळीवाचे लाडू कुणी करतं का घरी? माझे कायम चिकट होतात. वहिनीला द्यायचेत रविवारी.

वऱ्हाडी ठेचा
आम्ही डिंकाचेच करतो, अळीव कोकणवाल्यांना विचार.

निशिगंध
अळीव नारळाच्या पाण्यात दोन-तीन तास भिजव, पूर्ण फुलू दे. मग ओलं खोबरं आणि गूळ घालून मंद आचेवर, कडा सुटेपर्यंत. लवकर उतरवलंस की चिकट होतं. जायफळ शेवटी.

मोगरा
गूळ किती घेतेस?

निशिगंध
खोबऱ्याच्या निम्मा. चिक्कीचा घेऊ नकोस, साधाच घे.