बी.एड. इंटर्नशिप: नववीला शेतीचं प्रॅक्टिकल घेतेय आणि मुलांनाच माझ्यापेक्षा जास्त येतंय

नवीन_बाई:

नमस्कार मंडळी, थोडं लांब लिहितेय, सांभाळून घ्या.

मी बीएस्सी बॉटनी, आता बी.एड.चं दुसरं वर्ष. दोन वर्षांत मिळून २० आठवडे शाळेत काढायचे असतात, त्यातला मोठा तुकडा सध्या चालू आहे. शाळा लातूरकडची, सगळा सोयाबीनचा पट्टा. इथे नववीला व्यवसाय शिक्षणात शेती विषय आहे आणि तो शिकवणारे सर सोडून गेलेत. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बघितलं, बॉटनी म्हणजे झाडंच की, घ्या तुम्ही. माझं अख्खं आयुष्य फ्लॅटमध्ये गेलं, शेतीशी संबंध म्हणजे मामाच्या गावी खाल्लेला हुरडा.

थिअरीचं जमतंय. घोडं अडलंय प्रॅक्टिकलला. शाळेच्या मागे दीड गुंठा जागा आहे, तिथे सोयाबीन टोकायचं ठरलं. पाठ टाचण मस्त लिहिलं होतं, दोन ओळींत ४५ सेंमी, दोन बियांत ५ सेंमी, खोली ३ ते ४ सेंमी, वगैरे. कॉलेजचे प्राध्यापक पाठ निरीक्षणाला येणार होते म्हणून तारीखही पक्की. आणि आदल्या रात्री धो धो पाऊस.

सकाळी मुलं म्हणाली, "मॅडम, आजून वापसा न्हाई." (म्हणजे माती पेरण्याइतकी सुकलेली नाही.) मी म्हटलं बघू तर. एका मुलाने मूठभर माती उचलली, लाडवासारखी वळली आणि बांधावर टाकली. लाडू फुटलाच नाही, पचकन बसला. तो माझ्याकडे बघून नुसता हसला. मला कळत होतं की तो बरोबर आहे, पण सर पंधरा मिनिटांत येणार होते, त्यामुळे मी म्हटलं चला, ओळी आखा. मी टेप घेऊन वाकून सेंटिमीटर मोजतेय आणि पोरं बोटाचं दीड पेर खुपसून सटासट बी टाकत पुढे चाललीत. प्रत्येकाच्या चपलेला दोन-दोन किलो काळी माती. सर वाफ्यात उतरले आणि त्यांचा एक बूट तिथेच राहिला, पाय बाहेर. त्यावर ४४ मुलं जे हसली आहेत.

पाठाला शेरा चांगला मिळाला (!). पण नंतर कडक ऊन पडलं, वरून जमिनीला पापडी धरली आणि आज नववा दिवस, अख्ख्या वाफ्यात मोजून १९ रोपं. मुलं काही बोलत नाहीत, पण बोलत नाहीत हेच जास्त लागतंय.

त्यात काल एका मुलीची आई शाळेत आली. म्हणाली, खुरपं तर ती घरी पण धरती, त्याच्यासाठी शाळंत कशाला पाठवू? मला उत्तर देता आलं नाही.

तर प्रश्न असा, की ज्या मुलांना हाताने सगळं येतं त्यांना मी हाताने करायचं काय शिकवू?

---

जुना_फळा:

मॅडम, मी ३१ वर्षं हायस्कूलला शेती शिकवली, आता घरी आहे. पहिलं काम, उद्या वर्गात जाऊन सरळ सांगा की वापसा नव्हता, तुम्ही सांगत होता, मी ऐकलं नाही. त्यात कमीपणा काही नाही. पोरांना ते आधीच माहितीये, फक्त तुम्ही मान्य करताय का एवढंच ती बघत बसलीत.

दुसरं, वाफा मोडू नका लगेच. जिथे उगवलं नाही तिथलं बी उकरून काढायला लावा. कुजलेलं किती, कोंब येऊन पापडीखाली वाकडा झालेलं किती, मुंगी-किड्याने खाल्लेलं किती, पत्ताच नाही असं किती. चार रकाने करा वहीत. घरी बी उगवलं नाही की बाप म्हणतो बियाणं बोगस निघालं, नाहीतर पाऊस नडला, आणि दुबार पेरणीला लागतो. उकरून मोजत कोणी बसत नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला यातच दिसतं.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी. ३५ मिनिटांच्या तासिकेत शेत होत नाही, हात धुण्यातच दहा जातात. मोठ्या सुट्टीच्या आधीचा तास आणि त्याला जोडून आणखी एक असा मागून घ्या, गणिताच्या सरांना चहा पाजा. ४४ पोरं एकदम वाफ्यात सोडू नका, ११-११ चे चार गट, एकच गट मातीत, बाकीच्यांना मोजणं, लिहिणं, अवजारं, पाणी. खुरपी देताना मोजा आणि घेताना मोजा. माझी पहिल्या वर्षी १२ ची ७ झाली होती.

आणि एक प्रयोग सांगतो, तो कधी फसत नाही. बोर्डो मिश्रण, पिकावर फवारायचं बुरशीनाशक. शेतावर १ टक्क्याला १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. वर्गात १० ग्रॅम, १० ग्रॅम, १ लिटर. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यात अर्ध्या-अर्ध्या पाण्यात, मग तिसऱ्यात दोन्ही एकदम ओतायचं. मोरचूद तुम्हीच हाताळा, हातमोजे घालून. मग घासून स्वच्छ केलेला विळा त्यात बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, चुन्याची निवळी घाला, पुन्हा बुडवा. द्राक्षवाले, लिंबूवाले फवारतात ते हेच, आणि पुढच्या वर्षी दहावीच्या विज्ञानात विस्थापन अभिक्रिया म्हणून हाच विळा येणार आहे.

---

लोखंड_लाकूड_माती:

जुना_फळा सरांशी सहमत. मी पाबळला विज्ञान आश्रमात शिकलो (शिरूर तालुका, डॉ. कलबागांनी १९८३ ला सुरू केलेलं) आणि नंतर शाळांमध्ये निदेशक म्हणून काम केलं. तिथे शेती एकटी नसते, वर्कशॉप, ऊर्जा, घर-आरोग्य आणि शेती-पशुपालन असं सगळं आठवड्यातून एक दिवस हाताने करायचं. सांगायचा मुद्दा हा की केलेल्या प्रत्येक कामाचा खर्च मुलांनी लिहायचा. मजुरी धरून! ही मजुरी धरायची सवय घरी नसते. आपण राबलो ते फुकटच असं धरूनच हिशेब होतो, आणि मग पोरं विचारतात की सर, पिकलं तर खरं, पण पैसे कुठे गेले?

दीड गुंठ्याचाच खर्च काढा. बी, खत, तुमच्या ४४ पोरांचे तास. सोयाबीन सोन्याच्या भावाने पडेल, पण वर्गात जाम चर्चा होईल.

---

बांधावरची:

मला त्या आईबद्दल बोलायचंय. सगळे प्रयोग सांगताय पण ती बाई चुकीचं काय बोलली?

मी पण असल्याच शाळेत शिकले. आमच्याकडे शेतीचा तास म्हणजे एका मास्तरांच्या घरामागच्या वांग्यांना पाणी घालणं. मुली खुरपायला, मुलं पाइप धरायला. वांगी कुठे गेली कधी कळलं नाही. माझी आई रोजाने जायची, तिला हे कळलं तेव्हा ती पण शाळेत आली होती, आणि तिला पण कोणी उत्तर दिलं नव्हतं. ज्याच्या घरी वीस एकर आहे त्याला माती म्हणजे मजा, जिची आई दुसऱ्याच्या बांधावर दिवसभर वाकते तिला शाळेतपण खुरपंच दिलं तर तिला काय वाटेल याचा विचार करा ना.

ताई, तुम्ही मनाने चांगल्या दिसताय म्हणून सांगते. गट पाडताना बघा खुरपं कोणाच्या हातात जातंय आणि टेप-वही कोणाच्या. आणि जे पिकेल ते पोषण आहाराच्या खिचडीत सगळ्यांसमोर पडू दे. सोयाबीनपेक्षा मेथी-पालक लावा, महिन्याभरात ताटात येतं.

---

चहा_कमी_साखर:

बाकी सगळं ठीक, सरांच्या बुटाचं काय झालं ते सांगा आधी 😂

---

नवीन_बाई:

बूट मिळाला. मुलांनी फावड्याने काढला, धुऊन उन्हात ठेवला, सर अनवाणीच शेरा लिहीत बसले होते.

बारा दिवसांनी येतेय, सॉरी. बरंच झालं मधे.

माफी मागितली. वर्ग एकदम शांत, मग मागून आवाज आला, "आमच्या पप्पांनी बी तसंच केलंय मॅडम." मग कळलं की त्या आठवड्यात घाई केलेली सात घरं निघाली, सगळ्यांना पापडीने मारलं. उकरून मोजलं जुना_फळा सरांनी सांगितल्याप्रमाणे. सगळ्यात जास्त निघाले ते खाली वाकडे होऊन बसलेले कोंब, म्हणजे बी चांगलं होतं. मुलांना याचा राग आला, म्हणजे मी मारलं ते. बरोबरच आहे.

मग मी म्हटलं ज्यांच्याकडे दुबार पेरणी आहे त्यांनी घरातलं बी आणा, उगवणशक्ती बघू. १०० दाणे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी, वरून दुसरं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत. एका पिशवीचे तीन नमुने. त्या आईच्या मुलीनेच सगळ्यात आधी पुडी आणली. त्यांचं स्वतःचं रान नाही, या वर्षी एक एकर बटाईने केलंय, आणि ३० किलोची एकच पिशवी शिल्लक होती, मागच्या वर्षीचं घरचं बी.

पाचव्या दिवशी गुंडाळी तिनेच उघडली. मी मुद्दाम लांब उभी राहिले. कोंब आलेला प्रत्येक दाणा काडीने बाजूला सरकवत मोजत होती, मोडका कोंब आला की थांबायची, शेजारणीला विचारायची हा धरायचा का. ५४, ५१, ५७. सरासरी ५४. शिफारस अशी आहे की ७० टक्के उगवण असेल तर एकरी ३० किलो. मी फळ्यावर लिहायच्या आत ती म्हणाली हे व्यस्त चलन आहे, आठवीतलं. ३० गुणिले ७० भागिले ५४, म्हणजे जवळपास ३९ किलो. म्हणजे तिच्या पिशवीत एकर होत नाही, ३१ गुंठेच होतात. ती बराच वेळ त्या ३१ कडे बघत बसली. मी काही बोलले नाही, काय बोलणार.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले शाळेत. भांडायला नाही, गोणपाट बघायला.

---

जुना_फळा:

५४ चं बी मी असतो तर पेरलंच नसतं मॅडम. आकड्यात ३९ किलो बसतं, पण इतकी उगवण घसरलेल्या पिशवीत जे उगवतं तेपण लुळंच असतं. त्यांना सांगा बदलून कुठे मिळतंय का बघा, पण १५ जुलैच्या आत. पिशव्या थप्पी लावून ठेवल्या होत्या का विचारा, नाहीतर मळणीयंत्र फार जोरात फिरवलं असेल. सोयाबीनचं टरफल पातळ असतं, आपटलं की गेलं.

---

नवीन_बाई:

थप्पीच होती सर, पत्र्याखाली, सगळ्यात तळाला. गावातल्याच एकाने ८० टक्केवालं बी दिलंय बदलून, त्याचीपण पुडी आधी वर्गात आली तपासायला, तीच घेऊन आली. @बांधावरची ताई, टेप आणि नोंदवही आता तिच्याकडे आहे. खुरप्याला पाळी लावलीय, त्यात माझंही नाव आहे, माझ्या हाताला फोड आलेत. मेथी परवा टाकली. या वेळी आधी लाडू करून बघितला, टाकल्यावर फुटला.

---

चहा_कमी_साखर:

गोणपाट रोज ओलं करायचं की एकदाच? आमच्याकडे पण एक पिशवी पडलीय.

---

नवीन_बाई:

आम्ही रोज सकाळी शिंपडत होतो. भिजून चिंब नको, पिळल्यावर पाणी गळणार नाही इतपत.