आफ्रिकेतली पहिली सफारी : तुमचा अनुभव सांगा

नमस्कार मंडळी. गेल्या ऑगस्टमध्ये केनियात मसाई मारा बघून आलो आणि अजून ते सगळं डोळ्यांसमोरून हलत नाहीये. म्हणून हा धागा. तुमच्यापैकी जे कोणी आफ्रिकेत जाऊन आलेत त्यांनी आपल्या पहिल्या सफारीबद्दल लिहा, कुठलाही देश चालेल. किती प्राणी दिसले ती यादी नकोय, कुठल्या क्षणी पोटात कालवलं किंवा खूप आनंद झाला ते सांगा. सुरुवात मी करते.

नैरोबीहून नारोकमार्गे पाच-सहा तासांचा रस्ता. गेट यायच्या बरंच आधी, मसाई लोकांच्या गाई चरत होत्या त्यांच्यातच आठ-दहा झेब्रे चरताना दिसले. कुंपण नाही काही नाही, गाय आणि झेब्रा शेजारी शेजारी. मी थांबा थांबा म्हणून ओरडलेच, ड्रायव्हरदादा म्हणाले ताई पुढे हजारो आहेत, पण मला तेच बघायचे होते. त्यांनी थांबवली बिचाऱ्यांनी गाडी, दहा मिनिटं. पहिला झेब्रा तो पहिला.

नदीचं क्रॉसिंग तिसऱ्या दिवशी मिळालं. काठापासून लांब गाडी लावून साडेतीन तास बसलो होतो. विल्डबीस्टचा (हरणांच्या कुळातला मोठा प्राणी) कळप काठाशी येतो, पुढचा पाण्याला तोंड लावतो, काहीतरी शंका येते, वळतो, की मागचे सगळे वळतात. असं चार वेळा झालं. आणि पाचव्या वेळी एकाने उडी घेतली की मग थांबणं नाही, धूळच धूळ आणि तो आवाज, पहिल्या पावसानंतर शेतात बेडूक ओरडतात ना अगदी तसा पण हजारपट. एक पिल्लू पार झालं, वर चढलं आणि आई दिसेना म्हणून पुन्हा पाण्याकडे निघालं. मी डोळे मिटून घेतले होते. नवऱ्याने हात दाबून सांगितलं, सापडली गं. तर या, लिहा.

*

मी नागपूरचा, ताडोबा पेंच लहानपणापासूनचं, वाघ भरपूर पाहिलेत. आपलं जंगल म्हणजे कानाने बघायचं जंगल. चितळाचा कॉल (म्हणजे वाघ आल्याची इशाऱ्याची हाक), वानराचा कॉल, पगमार्क, मग जिप्सी बंद करून श्वास रोखून बसायचं. वाघ दिसला तर दोन मिनिटं, नाहीतर नुसती बांबूची सळसळ. माझी सवय तीच. टांझानियातल्या सेरेंगेटीत पहिल्या दिवशी मला काही समजतच नव्हतं की बघायचं कुठे, कारण सगळीकडेच दिसतंय. क्षितिजापर्यंत गवत, मध्ये छत्रीसारख्या पसरलेल्या बाभळी आणि त्या एवढ्या मोकळ्यावर सगळ्यांचे संसार उघडे. 14,763 चौरस किमीचा पार्क आहे तो, आकडा वाचला होता पण तिथे उभं राहिल्यावर आकड्याचा अर्थ समजला.

गाइड मात्र आपल्यासारखाच वाचतो. पाच जिराफ एकाच दिशेला टक लावून उभे होते, चरत नव्हते. तो म्हणाला तिकडे सिंह असणार. होत्या, गवतात दोन सिंहिणी. म्हणजे चितळाच्या कॉलचं काम तिथे जिराफाची मान करते! मला इतका आनंद झाला, वाटलं आपण शिकलेलं वाया जात नाही, फक्त लिपी वेगळी आहे.

दुपारी ऊन चढल्यावर त्यातलीच एक सिंहीण उठली आणि सरळ आमच्या गाडीच्या सावलीत येऊन आडवी झाली. माझ्यापासून चार फूट. पोट वरखाली होताना दिसत होतं, कानावरच्या माशा दिसत होत्या. गाइड म्हणाला इंजिन सुरू करायचं नाही, ती उठेल तेव्हा निघू. पाऊण तास. त्या पाऊण तासात गाडीत एकही माणूस बोलला नाही.

*

नागपूरच्या दादांचं वाचून अंगावर काटा आला. आम्ही सांगली जिल्ह्यातले, घरी म्हशी आहेत, वडिलांचं सगळं आयुष्य गोठ्यात गेलं. त्यांना घेऊन फेब्रुवारीत टांझानियात न्डूटूला गेलो होतो. ऑगस्टमध्ये ताईंनी जे कळप बघितले तेच या दिवसांत खाली दक्षिणेला वितात, जवळजवळ सगळ्या एकदमच, दोन-तीन आठवड्यांत. कारण एकाच वेळी इतकी पिल्लं जन्मली की तरसं आणि सिंह खाऊन खाऊन किती खाणार.

आमच्या समोर एक व्यायला लागली. वडील गाडीच्या छतातून उभे, दुर्बीण बाजूला ठेवली त्यांनी. पाय दिसले तेव्हा म्हणाले, "सरळ हाय, काय भ्या नाय." पिल्लू पडलं. आमच्या म्हशीचं रेडकू उठायला बराच वेळ घेतं, धरून उभं करावं लागतं कधी कधी. हे पडलं, धडपडलं, पुन्हा पडलं आणि सहा-सात मिनिटांत आईच्या मागे चालायला लागलं, तिची वारसुद्धा अजून पडली नव्हती. वडिलांनी दोन्ही हात जोडले. मग गाइडला विचारायला लावलं की इथंच का येतात वियाला. तो म्हणाला जुन्या ज्वालामुखीची राख आहे या मातीत, त्यामुळे इथल्या आखूड गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस जास्त, दूध चांगलं उतरतं. वडील बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हंजे वैरण बघून गाव निवडत्यात." घरी आल्यावर गोठ्यावर येणाऱ्या प्रत्येकाला ते त्या पिल्लाचंच सांगतात. सिंह, चित्ता दोन्ही बघितले पण ते नाव काढत नाहीत.

*

काकांना माझा नमस्कार सांगा __/\__

*

आम्ही नैरोबीतच राहतो, नवऱ्याच्या नोकरीमुळे, नऊ वर्षं झाली. आमची पहिली सफारी म्हणजे नैरोबी नॅशनल पार्क, 1946 चा, केनियातला सगळ्यात जुना, 117 चौरस किमी. शहराला अगदी चिकटून आहे. सकाळी सहाला आत गेलो, गेंड्याच्या मागे उंच इमारती दिसत होत्या, शाळेच्या वेळेपर्यंत घरी परत. ज्यांना बाकी कुठे जायला वेळ नाही, नैरोबीत एक दिवसाचा थांबा आहे, त्यांनी हे सोडू नका. हत्ती नाहीत त्यात, पण त्याच पार्कच्या कडेला हत्तींच्या अनाथ पिल्लांचं शेल्ड्रिक ट्रस्टचं केंद्र आहे, 11 ते 12 एक तास लोकांना बघायला देतात, आधी बुकिंग लागतं. छोटी पिल्लं दुधाच्या बाटलीकडे अक्षरशः पळत येतात. प्रत्येक पिल्लाच्या खोलीत रात्री सांभाळणारा माणूस झोपतो, कारण एकटं राहिलं की ते खचतं. हे ऐकलं आणि मी तिथेच रडले होते.

आणि भाषेची गंमत सांगायची राहिली. इथे गाडीला गारी, पैशाला पेसा, दुकानाला डुका, साबणाला सबुनी म्हणतात. जेवायला चपाती आणि कचुंबरी मिळते, सोबत चाय. सफारी म्हणजे स्वाहिलीत साधा प्रवास, मूळ अरबी, आपली सफरही तिथलीच. पहिल्या दिवशी गाइडने हे शब्द एकेक सांगितले तेव्हा परक्या देशात असल्याची भीतीच गेली माझी.

येणाऱ्यांसाठी दोन गोष्टी: यलो फीवरची लस निघायच्या निदान 10 दिवस आधी घ्या, भारतात परत उतरताना ते कार्ड बघतात. आणि प्लास्टिकच्या पिशव्या आणू नका, 2017 पासून बंदी आहे, पार्कमध्ये तर पाण्याच्या प्लास्टिक बाटल्याही चालत नाहीत.

*

स्वेटर लिहा कोणीतरी! आफ्रिका म्हणजे ऊन असं धरून आईला (वय 71) पातळ साड्या घेऊन नेलं आणि टांझानियातल्या न्गोरोंगोरोच्या (जुन्या ज्वालामुखीचा प्रचंड खळगा) कड्यावर दाट धुकं, महाबळेश्वरला पावसाळ्यात असतं तसं. उंचीच 2,300 मीटरच्या आसपास. कॅम्पवाल्यांनी आईला मसाई लाल चादर गुंडाळून दिली. मग खाली सहाशे मीटर उतरलो आणि धुकं वर राहिलं, खाली लख्ख ऊन, आणि लांब एक काळा ठिपका, काळा गेंडा. दुर्बिणीतूनसुद्धा ठिपकाच. आईने चष्मा पुसून पुसून बघितला. ती चादर अजून तिच्या पांघरुणात आहे.

*

मी रत्नागिरीचा. केनियातल्या त्सावो नॅशनल पार्कबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मोंबासाहून नैरोबीला ट्रेनने गेलो, 2017 ला सुरू झालेली नवी लाइन त्सावोतून जाते, हत्ती खालून जावेत म्हणून रूळ उंचावर नेलेत. खिडकीतून पहिला हत्ती दिसला आणि तो लाल होता. चक्क लाल! तिथली माती आपल्या कोकणासारखी तांबडी, हत्ती ती अंगावर उडवून घेतात. मला एकदम आमच्या पायवाटेवरून आलेल्या पोरांचे पाय आठवले. जुनी रेल्वे बांधायला इंग्रजांनी हिंदुस्थानातून हजारो मजूर नेले होते, 1898 मध्ये त्सावो नदीवरच्या पुलाच्या कामावर दोन सिंहांनी त्यातल्या कित्येकांना रात्री तंबूतून ओढून नेलं. आपल्यासारखीच माणसं, घरी पत्रं पाठवणारी. पूल आला तेव्हा मी खिडकीशी उभा राहिलो होतो. दुसऱ्या दिवशी जीपमधून त्याच लाल हत्तींचा कळप जवळून बघितला, सगळ्यांच्या पुढे म्हातारी हत्तीण, ती थांबली की सगळे थांबत होते.

*

पक्षीवाले कोणी आहेत का इथे? सगळे सिंहाच्या मागे असताना मी लायलॅक-ब्रेस्टेड रोलर बघत बसले होते, आपल्या नीलपंखाचाच भाऊबंद पण छाती जांभळी, उडाला की निळाईचा झोत. सुपर्ब स्टार्लिंग तर आपल्या साळुंकीच्याच घराण्यातली, डब्याच्या कडेला येऊन बसली. गाडीतल्या सगळ्यांना विनंती करून अर्धा तास मागून घ्या हो, देतात लोक.

*

आम्ही जोहान्सबर्गला असताना क्रुगर नॅशनल पार्कला स्वतःची गाडी घेऊन गेलो होतो. डांबरी रस्त्यावर 50 ची मर्यादा आहे आणि खरं तर 25-30 ने चालवलं तरच दिसतं. मुलगी सहा वर्षांची. हत्तींचा कळप रस्त्यावर उभा, आम्ही इंजिन बंद करून लांब थांबलो, चाळीस मिनिटं. तिने कंटाळून खाली बघितलं आणि ओरडली, बाबा बॉल! शेणकिडा हत्तीच्या लिदीचा गोळा मागच्या पायांनी ढकलत रस्ता ओलांडत होता. हत्ती गेले तरी तो पलीकडे पोचेपर्यंत आम्ही हललो नाही, तिने हलूच दिलं नाही. मागे दोन गाड्या उभ्या राहिल्या, त्यांना कारण कळल्यावर त्याही थांबल्या.

*

वाचून खूप छान वाटतंय सगळ्यांचं, अजून येऊ द्या. शेणकिड्यासाठी थांबलेल्या मुलीला माझ्याकडून शाबासकी.

*

उशिरा लिहितोय. वय 68, मिसेस 64, लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला मुलांनी पाठवलं, मसाई मारामध्ये तंबूत राहिलो. कुंपण नव्हतं, अंधार पडल्यावर मसाई रखवालदार भाला घेऊन तंबूपर्यंत सोडायला यायचा. पहिल्या रात्री दोन वाजता जाग आली. लांबून आवाज. सिनेमातल्यासारखी डरकाळी नव्हती, खोल विहिरीतून कोणी हुंकार द्यावा तसं, एकामागून एक, हळूहळू लहान होत जाणारं. अंथरुणात पाठीखाली जाणवत होतं. मी हिला उठवायला गेलो तर ही आधीच जागी, डोळे उघडे. म्हणाली बोलू नका. मग दुसऱ्या बाजूने दुसऱ्याने उत्तर दिलं. आम्ही उजाडेपर्यंत तसेच पडून होतो, हातात हात घेऊन. सकाळी चहा घेऊन येणाऱ्या पोराला विचारलं तर तो म्हणाला, ते नदीपलीकडे होते, निदान चार-पाच किलोमीटरवर. ही म्हणाली, आज रात्री तंबूची खिडकी उघडी ठेवू या का, जाळी आहे ना.