१२० नाणी, ४० ठसे: टांकसाळीचं उत्पादन कसं काढायचं?

नाणेछंद_धुळे:
लिलावाच्या कॅटलॉगांतून एका ग्रीक शहराच्या टेट्राड्राख्मांचे (चार ड्राख्मांची चांदीची नाणी) १२० फोटो जमलेत. दर्शनी बाजूचे ठसे (ज्यांनी नाणी पाडतात ते साचे) ४० निघाले. त्यातले १२ एकेकाच नाण्यावर आहेत. एकूण नाणी किती पाडली असतील? आणि हीच रीत पश्चिम भारतातल्या क्षत्रप राजांच्या चांदीच्या नाण्यांना चालेल का?

टांकसाळ_जळगाव:
दर्शनी बाजू मोजलीत ते बरं केलं. तो ठसा ऐरणीत पक्का बसवलेला असतो. मागच्या बाजूच्या ठशावर थेट घण पडतो, म्हणून तो लवकर फुटतो.

एकूण ठशांच्या अंदाजाचं गणितज्ञ एस्टीचं साधं सूत्र: नाणी गुणिले ठसे, भागिले दोन्हींतला फरक. १२० × ४० ÷ ८० = ६०. म्हणजे साधारण २० ठसे तुमच्या हाती लागलेच नाहीत, पण ते बहुधा अल्पायुषी. एकेकाच नाण्यावरचे ठसे १२, म्हणजे १२० च्या १० टक्के, तेव्हा पाडलेल्या नाण्यांपैकी सुमारे ९० टक्के तुमच्या ४० ठशांचीच.

पुढचा गुणाकार मात्र जपून. एका ठशाला २०,००० नाणी धरली तर १२ लाख. १,५०० टेट्राड्राख्मांचा एक टॅलेंट (ग्रीक वजनाचं एकक), म्हणजे ८०० टॅलेंट. १०,००० धरली तर ४००, ३०,००० धरली तर १,२००. प्रत्येक ठसा फुटेपर्यंत वापरलाच, हे गृहीत कशावरून? नाणेतज्ज्ञ बट्रीचा हा आक्षेप मला तरी पटतो. ठशांचा आकडा द्या, नाण्यांचा पल्ला सांगा.

खान्देशी_नाणी:
भाऊ, आधी दुबार फोटो गाळा. एकच नाणं पुन्हा पुन्हा लिलावात येतं. कडेचा आकार, चांदी तपासायला घातलेली चीर आणि वजन जुळवा. दुबार राहिलं की ठशांचा अंदाज खाली येतो. उलट झिजलेला ठसा नवा समजलात तर फुगतो: ४० चे ४५ झाले की उत्तर ६० वरून थेट ७२. नाक-ओठांवर जाऊ नका, ते झिजतात. कडेचा कोणता मणी केसांच्या कोणत्या बटेसमोर येतो ते पाहा. ठशाला तडा गेला की नाण्यावर उंच रेघ उठते. ती वाढत गेलेली दिसली तर ठसा तोच, वर नाण्यांचा क्रमही मिळतो.

क्षत्रपांना चालेल. पुढच्या राजांच्या नाण्यांवर डोक्यामागे शक वर्ष असतं, ठसे वर्षवार लागतात. पण नाणं जेमतेम दोन ग्रॅमचं, वर्षाचे अंक बऱ्याचदा कडेबाहेर जातात. आधीचा क्षत्रप राजा नहपान याच्या नाण्यांवर वर्षच नाही. जोगळटेंभीला (नाशिक जिल्हा) १९०६ मध्ये सापडलेल्या त्याच्या नाण्यांच्या साठ्यातल्या १३,००० हून जास्त नाण्यांपैकी दोन तृतीयांशांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलाय. खालचा ठसा ओळखता येत नसेल तर ते नाणं मोजणीतूनच काढा, वेगळा ठसा म्हणून धरू नका.